कुलपातला राउटर

समोरच्या दारातल्या आंटींनी मला मदत केली. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगताना माझंच जास्त येणार आणि त्यांचं राहून जाणार. आंटी मूळच्या जवळच्याच उत्तन गावच्या. नोकरीपायी इकडं भाईंदर पूर्वेला आल्या, नवरा गेल्यावरही इथंच राहिल्या. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात झाली. आता निवृत्त आहेत, गुडघे दुखतात. त्यांच्या दारापासून आमचं दार चार पावलांवर. त्या चार पावलांच्या जागेत उभं राहून मी त्यांना चोर म्हणालो होतो. सरळ तोंडावर म्हणालो असतो तरी बरं झालं असतं. मी आडून म्हणालो.

मी सातवीतून शाळा सोडली. गाव मराठवाड्यात, एक रात्र आणि वर अर्धा दिवस प्रवास. मामा इथं स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला होते, त्यांनी मला आणलं. आधी भांडी पुसायचो, मग बफिंगवर बसलो. फिरत्या कापडी चाकावर भांडं दाबून धरायचं आणि त्याला आरशासारखी चमक आणायची, हे माझं काम. तोंडाला रुमाल बांधला तरी संध्याकाळी नाक शिंकरलं की काळं निघतं. मराठी वाचतो, लिहितो. पण इंग्रजी कागद पुढं आला की तळहाताला घाम सुटतो. बँकेत असो की सोसायटीच्या ऑफिसात, मी कागदाकडं बघायच्या आधी समोरच्याच्या तोंडाकडं बघतो, हा माणूस आपल्यावर रागावलाय का म्हणून. इतकी वर्षं इथं झाली, तरी हा स्वभाव गेला नाही.

हाताचं काम मात्र येतं. आमच्या गाळ्यात एक रीत आहे. पत्र्याचे उरलेले तुकडे असतात, त्यांतून जेवणाच्या सुट्टीत घरचं काही करायचं असेल तर शेठ नाही म्हणत नाहीत. कोणी देव्हारा करून नेतो, कोणी पिठाचा डबा. मी पेट्या करतो. रेशनकार्डाला पेटी, औषधांना पेटी, मिक्सरला पेटी. जी वस्तू मोडली तर परत आणता येणार नाही असं वाटतं तिला मी पत्र्याच्या आत ठेवतो, तेव्हा कुठं मला झोप लागते. बायको पाहुण्यांना सांगते, "बघा हां, एक दिवस मलाबी घालतील पेटीत."

आमची पोरगी बारावी झाली. आमच्या दोन्ही घरांत बारावी बघितलेली ती पहिलीच. तिला दवाखान्याच्या लॅबमधलं काम शिकवणाऱ्या कोर्सला जायचं होतं. फी आमच्या आवाक्यातली नव्हती, पण काही जागा बिनफीच्या होत्या आणि त्यांच्यासाठी परीक्षा होती. परीक्षा घरूनच द्यायची, लॅपटॉपवर, एकटीनं, कॅमेरा चालू ठेवून. पोरगी त्या परीक्षेत निघाली नसती तर काय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. बायको घरी चमच्यांचे सेट कागदात गुंडाळून खोक्यात भरायचं काम करते. पोरगीही तिच्याशेजारी बसली असती. त्या कामात वाईट काही नाही. पण ते तिनं करू नये म्हणून तर मी बफवर बसलो होतो.

आमची खोली पहिल्या मजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची भिंत. मोबाइलला रेंज एक कांडी, तीही खिडकीत उभं राहिलं तर. म्हणून वायफाय घेतलं. लाइनवाला आला, टीव्हीवर राउटर ठेवून गेला, आणि जाता जाता म्हणाला, मशीन कंपनीचं आहे, सांभाळा, कनेक्शन बंद केलं तर परत द्यावं लागेल. तो सहज म्हणाला असेल. माझ्या डोक्यात मात्र तेवढंच राहिलं. वस्तू आपली नाही. वर फोडणीची वाफ उडते, पाल फिरते, बायको फडकं मारताना वायर ओढते.

पहिला महिनाभर नेट झकास चाललं. मग मी पेटी केली.

ती पेटी मी आजवर केलेल्या कामांत सगळ्यात चांगली होती, हे आजही म्हणेन. चारी कोपरे काटकोनात, बिजागरी आतून, वायरीसाठी मागं भोक, गरम होऊ नये म्हणून खाली बारीक भोकांची एक ओळ. राउटरच्या दोन शेंड्या, म्हणजे अँटेना, आत मावेनात, त्या मी वाकवून आडव्या केल्या. चमक अशी आणली की ठोकायच्या आधी पोरीनं त्यात बघून केस विंचरले. दाराच्या वर, हात पोचणार नाही अशा ठिकाणी ठोकली आणि कुलूप घातलं. किल्ली माझ्या जुडग्यात. गाळ्यातल्या लोकांनी फोटो बघितला तेव्हा एक जण म्हणाला, "भाई, इसमें तो भगवान बैठना चाहिए." मला फार बरं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात आंटी भावाकडून परत आल्या. गुडघ्याच्या उपचारासाठी महिनाभर तिकडं होत्या. आल्या आणि त्यांच्या घरातून टॅबलेटचे आवाज सुरू झाले. सकाळी प्रार्थना, दुपारी आखातातल्या बहिणीशी तासभर गप्पा. आवाज कुठं अडकत नव्हता की तुटत नव्हता. आणि आमच्याकडं त्याच आठवड्यापासून पोरीच्या स्क्रीनवर ते गोल चाक फिरायला लागलं.

आता लिहिताना दोन्ही गोष्टी एका ओळीत येतात आणि कुणालाही कळेल की कुठं बघायला पाहिजे होतं. तेव्हा मला एकच दिसलं. आंटी आल्या, आमचं नेट गेलं.

मी काही केलं नाही असं नाही. कंपनीला फोन केले. त्या बाई हिंदीत गोड बोलायच्या, मशीन बंद करून परत चालू करा म्हणायच्या. मी कुलूप उघडून बंद करायचो, चालू करायचो, परत कुलूप लावायचो. पोरीला आधी खिडकीत बसवली, मग बाथरूमच्या दाराशी, मग स्वयंपाकाच्या ओट्यावर. कुठं जरा बरं चाललं की आम्ही तिघं श्वास रोखून उभे, आणि परत चाक. तिनं मोबाइलवर नेटचा वेग मोजायचं काढलं होतं. त्यातला काटा थोडा वर जायचा आणि मेल्यासारखा खाली पडायचा. एकदा लाइनवाला दुपारी येऊन गेला. मी कामावर, किल्ली माझ्याजवळ. "भाभी, ये खोलो तो देखूँ ना," म्हणाला, आणि बायकोच्या हातात काही नव्हतं म्हणून निघून गेला. रात्री जेवताना मी त्याला कामचुकार म्हणालो.

मग पोरगी म्हणाली, "पप्पा, एकदा ती पेटी काढून बघायची का?"

तिनं हळूच विचारलं होतं. पण मला काय लागलं कोण जाणे. शिकलेली पोरगी सातवीवाल्या बापाला, त्याला जे एक येतं त्यातही चुकतोस म्हणतेय, असं वाटलं. मी म्हणालो, "मला इंग्रजी येत नसेल. पत्रा येतो." परत तिनं तो विषय काढला नाही. तिनं न काढलेला तो विषय मला अजून ऐकू येतो.

आंटी आमचंच नेट वापरतात असं धरून पासवर्डही मी पोरीकडून बदलून घेतला. तरी चाक फिरतच होतं. तेव्हा तरी डोकं चालायला हवं होतं. पण एकदा संशय धरला की माणूस त्यालाच खतपाणी घालतो. टेलिफोन खात्यातल्या आहेत, यांना पासवर्ड काढायला किती वेळ लागणार, असं मी बायकोला म्हणालो. ती म्हणाली, त्या बाईनं आपली वाटी कधी रिकामी परत केली नाही, जरा तरी लाज ठेवा. मी ठेवली नाही.

तो रविवार होता. सोसायटीचे सेक्रेटरी टाकी साफ करायच्या नोटिशीवर सह्या घेत आमच्या जिन्यात आले होते. वरच्या मजल्यावरची गुजराती भाभी भाजीची पिशवी घेऊन थांबली होती. आंटींचं दार अर्धं उघडं, आतून गाण्याचा आवाज. सेक्रेटरींनी सहज विचारलं, बेटी की तैयारी कैसी है. मी म्हणालो, "तैयारी क्या होगी साहब. कनेक्शन एक घर का और चलता है दो घर में. कुछ लोगों को मुफ्त का मीठा लगता है."

सेक्रेटरी हसले. भाभीनं आंटींच्या दाराकडं बघितलं. आणि आंटी तिथंच उभ्या होत्या, कचऱ्याची पिशवी हातात घेऊन. त्यांनी पिशवी दाराबाहेर ठेवली, गुडघ्यावर हात टेकून सरळ झाल्या, माझ्याकडं एकदा बघितलं, आणि आत गेल्या. दार आपटलं नाही. हळू लावलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरातून आवाज येईना. नंतर बायकोकडून कळलं, त्या टॅबलेट आतल्या खोलीत नेऊन, दार लावून, कानात वायर घालून ऐकायला लागल्या होत्या. स्वतःच्या घरात, स्वतःच्या कनेक्शनवर. आमच्या मजल्यावर नेटची पहिली वायर त्यांच्याच घरात आली होती, हे सगळ्या जिन्याला माहीत होतं. मीच कधी विचारलं नव्हतं. तेव्हा मला उलटंच वाटलं, पकडली गेली म्हणून लपून चालवतेय.

परीक्षा पुढच्या रविवारी अकरा वाजता होती. त्याआधी सरावासाठी तीन खोट्या परीक्षा देता येत होत्या. पोरीनं तिन्ही दिल्या. तिन्ही वेळा कॅमेरा अडकला आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली, तुमची परीक्षा थांबवण्यात आली आहे. तिसऱ्या वेळी ती रडली नाही. लॅपटॉप मिटला आणि आईशेजारी जाऊन चमचे गुंडाळायला लागली. मी बघत उभा राहिलो. तिचा हात त्या कामावर चांगला बसत होता, तेच मला बघवेना.

शनिवारी संध्याकाळी कामावरून आलो तर दार उघडं होतं आणि आमच्या एकुलत्या खुर्चीवर आंटी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी. बायको ओट्याला टेकून उभी. तिनं मला नजरेनंच सांगितलं की हे मी केलंय आणि आता तुम्ही तोंड उघडायचं नाही. मला न विचारता ती समोर आंटींकडं गेली होती. काय बोलली ते मला तिनं अजूनही पूर्ण सांगितलेलं नाही.

आंटी म्हणाल्या, "किल्ली दे, भाऊ. तासभर झाला, तुझीच वाट बघतोय सगळे."

जुडग्यात ती बारीक किल्ली सापडेना. मी स्टुलावर चढलो, कुलूप काढलं, दार उघडलं. आतून गरम हवा आली, तव्याजवळ येते तशी. आंटींनी पिशवीतून एक वायर काढली, तिचं एक टोक माझ्याकडून राउटरला लावून घेतलं, दुसरं पोरीच्या लॅपटॉपला. "आता मोज," पोरीला म्हणाल्या.

काटा वर गेला आणि वरच थांबला. पोरीनं परत मोजलं. परत तेवढंच.

"म्हणजे बाहेरची लाइन चांगली हाय," आंटी म्हणाल्या. "कोणी चोरत न्हाय, कंपनी बी फसवत न्हाय. आता वायर काढ. पेटीचं दार लाव आणि मोज." काटा पडला. "दार उघड." थोडा चढला. "आता ते मशीन बाहेर काढ, टीव्हीवर ठेव, शेंड्या उभ्या कर."

मी राउटर दोन्ही हातांनी धरून खाली उतरलो, टीव्हीवर ठेवला, शेंड्या उभ्या केल्या. माझ्याकडून त्यातली एक दोनदा आडवी पडली. पोरीनं मोजलं. मी काट्याकडं बघितलं नाही. तिच्या तोंडाकडं बघितलं, तेवढ्यानं कळलं.

मीच विचारलं, की पेटीमुळे कसं काय, वायर तर आत जात होती. आंटी म्हणाल्या, "लिफ्टमधी शिरलास आणि दार लागलं की फोन कट होतो ना? तसंच हाय. वायरीतनं येतं ते आत येतं. पण मशीनीतनं जे हवेत सुटतं ते पत्रा बाहेर सोडत न्हाय."

एवढी साधी गोष्ट. गाळ्याच्या मालवाहू लिफ्टमध्ये माझा फोन रोज कट होतो.

पोरगी म्हणाली, "म्हणजे पप्पांच्या पेटीनंच." पुढं ती थांबली.

आंटी उठल्या, मान वर करून पेटीच्या कडेकडं बोट दाखवलं. "कोपरा बघ कसा घेतलाय," पोरीला म्हणाल्या. "आमच्या खात्यात असला माणूस असता तर आम्ही डोक्यावर घेतला असता. वस्तू चांगली हाय. आत काय ठेवायचं तेवढंच चुकलं." पोरीसमोर त्यांनी मला पडू दिलं नाही. आठवड्यापूर्वी मी त्यांना सगळ्या जिन्यासमोर पाडलं होतं.

मी म्हणालो, "आंटी, त्या दिवशी मी."

त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. बायकोकडं वळून म्हणाल्या, "सकाळी पोरीला हलकं खायला दे. पोहे दे. पोट भरलं की झोप येते." आणि गेल्या. वायर मात्र ठेवून गेल्या. उद्या वायरीवरच दे म्हणाल्या, हवेवर भरवसा नको.

रविवारी अकरा ते एक, बायको आणि मी बाहेर जिन्यात बसलो होतो, कारण खोलीत दुसरं माणूस चालत नाही. मी कान दाराला लावला तर बायकोनं ओढला. एक वाजून गेल्यावर पोरगी दार उघडून म्हणाली, एकदाही थांबलं नाही. महिन्यानं निकाल आला. बिनफीच्या जागेत तिचं नाव होतं. आता ती रोज सकाळी शेअर रिक्षानं स्टेशनला जाते, तिथून मीरा रोडला कोर्सला. पांढरा कोट घडी करून पिशवीत नेते, चुरगळू नये म्हणून.

इथं थांबलो असतो तर मी बरा माणूस दिसलो असतो. पण परीक्षेनंतरच्या आठवड्यात एक गोष्ट झाली, तिच्यासाठीच हे लिहायला बसलो.

तोच जिना. सेक्रेटरी टाकी साफ झाल्याची नोटीस चिकटवत होते, भाभी वरून खाली येत होती, मी कामाला निघालो होतो, आणि आंटी दाराला कुलूप लावत होत्या. अगदी तीच माणसं. सेक्रेटरींनी डोळे मिचकावून विचारलं, "क्यों भाऊ, चोर मिला क्या? नेट ठीक हुआ?"

माझ्या तोंडात जीभ होती. हिंदी मला येते. त्या रविवारी तर फार चांगली आली होती. मी नुसता उभा राहिलो. मी विचार काय करत होतो, तर हे लोक हसतील. गाळ्यात कळेल. पत्र्याच्या पेटीत वायफाय कोंडणारा म्हणून नाव पडेल.

आंटी किल्ली पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "अरे, लाइन में प्रॉब्लेम था. हो गया ठीक."

सेक्रेटरी म्हणाले, चलो अच्छा हुआ. भाभी आंटींना जरा अंग चोरून वाट देऊन गेली. ते मी बघितलं. माझ्या एका वाक्यानं तिच्या मनात जे घातलं होतं ते अजून तिथंच होतं, आणि ते काढायची वेळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. मी ती जाऊ दिली. माझ्यासाठी खोटं बोलून आंटी कठडा धरत एकेक पायरी उतरल्या. मी त्यांच्या मागून उतरलो, पुढं जायची हिंमत झाली नाही.

नंतर मी त्यांच्या बाथरूमला स्टीलचा दांडा बसवून दिला, गुडघ्यांना आधार म्हणून. त्यांनी कॉफी दिली, दांडा हलवून बघितला, पक्का हाय म्हणाल्या. वाट्या परत इकडून तिकडं जायला लागल्या. टॅबलेटचा आवाजही परत बाहेरच्या खोलीतून येतो. बायको म्हणते, झालं, त्या विसरल्या, तुम्हीपण सोडा. पण त्या दांड्यानं फिटलं असं मी धरत नाही. जे मी हातानं केलं नव्हतं ते हातानं फिटायचं नाही. तोंडानं केलं होतं.

सोसायटीची वर्षाची सभा खाली पार्किंगमध्ये होते. सगळे जिने येतात. मी आजवर तिथं मागं उभा राहून सही करून निघून आलोय, एक शब्द बोललेलो नाही. आंटी, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण लिहून देतो. एका सभेत मी हात वर करीन. सेक्रेटरी असतील, भाभी असेल, पोरगीही असेल, तेव्हाच करीन. आणि सगळ्यांना कळेल अशा हिंदीत सांगीन की आमचं नेट कोणी चोरलं नव्हतं, मीच ते कुलपात घातलं होतं, आणि ज्यांना मी चोर म्हणालो त्यांनीच येऊन ते सोडवलं. यंदा जमेल का, सांगता येत नाही. पण तुम्ही तिथं सभेत समोर बसलेल्या असतानाच सांगीन, एवढा शब्द देतो.